तीन रंग आणि दिवस बुडेपर्यंत

"मॅडम, याचं पोट कोन्या रंगाचं असन?"

वाशिमला राहायला गेले त्याच आठवड्यात घरमालकांनी मला हे विचारलं. त्यांच्या तळहातावर अंगठ्याएवढं, राखाडी प्लॅस्टिकचं एक जनावर होतं. तोंड मगरीचं, पंख वटवाघळाचे, शेपूट घोरपडीचं, आणि पाठीवर ढाल धरून बसलेला दाढीवाला बुटका. मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले होते, तेव्हा योग्य माणूस वरच्या खोलीत भाड्याने आला असं त्यांना वाटलं असणार. मी म्हणाले, काका, असा प्राणी नसतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"नसन," ते म्हणाले. "पन पोट त असन ना?"

घोरपडीचं पोट पिवळसर असतं, असं काहीतरी मी पुटपुटले. ते समाधानाने मान हलवून गच्चीवर निघून गेले, आणि मी खोलीत येऊन, आत्ता झालं ते नेमकं काय होतं, याचा विचार करत बसले. पुढे काही वर्षं मी त्या घरात राहिले. त्यांच्यासमोरून उठून येताना बहुतेक वेळा माझी हीच अवस्था असायची.

काकांचं बाजारात रंगाचं दुकान होतं. घरांचे, दारांचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे, देवळांच्या कळसांचे रंग. दुकानात रंग मिसळायचं मशीन होतं आणि भिंतीवर कंपनीची जाडजूड कार्डं टांगलेली होती. पण कार्डावरची नावं काकांना मंजूर नव्हती. आयव्हरी म्हणून जो रंग होता त्याला ते ताकावरचं पाणी म्हणायचे. एक पिवळा होता, तो सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, आदल्या दिवसाचा. एक मातकट तपकिरी होता, तो रिठदच्या रस्त्याचा. खेड्यापाड्यातून येणारे रंगारीही हीच नावं सांगून डबे मागायचे आणि त्यांना बरोबर तेच डबे मिळायचे. कंपनीचा माणूस आला की बिचारा गोंधळून जायचा.

गिऱ्हाइकाला हवा तो रंग काका देतीलच असं नव्हतं. एकदा मी दुकानात बसलेली असताना अनसिंगचा एक जण नव्या घरासाठी गडद जांभळा मागायला आला. काकांनी आधी त्याच्या घरात कोण कोण असतं ते विचारून घेतलं. म्हातारी आई आहे आणि तिचं डोकं सारखं दुखतं, असं कळल्यावर त्यांनी जांभळा द्यायला साफ नकार दिला. तो माणूस चिडला. तेव्हा काकांनीच त्याला समोरचं रंगाचं दुकान दाखवलं. "तथी भेटते तुमाले," ते म्हणाले, "पन माय कोन्या खोलीत झोपते ते त्याईले सांगजा." तो माणूस गेला. त्याने शेवटी कोणता रंग लावला ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या खेपेला दारांच्या रंगासाठी तो काकांकडेच आलेला मी पाहिला.

हे झालं दुकानातलं. घरी त्यांचं एकच काम असे, ते जनावर. त्याला ते मगऱ्या म्हणायचे.

घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत रात्रीचं जेवण उरकलेलं असायचं. काका दुकान नोकरांवर सोपवून घरी येत, जेवत, हात धुवून थेट गच्चीवर जात. पश्चिमेच्या कठड्याजवळ एक लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर पाण्याची वाटी, ब्रश आणि रंगाच्या तीन बाटल्या: पांढरा, काळा आणि मातकट पिवळा. या तीन रंगांत मगऱ्या आणि त्याच्या पाठीवरचा बुटका रंगवायचा आणि सूर्य बुडायच्या आत पूर्ण करायचा. सूर्य बुडाला की ब्रश खाली. गच्चीवर चांगला दिवा होता, पण त्याचं बटण त्यांनी कधी दाबलेलं मी पाहिलं नाही. रंगवणं अपुरं राहिलं, आणि ते राहायचंच, की मगऱ्याला साबणाच्या पाण्यात बुडवून दातांच्या जुन्या ब्रशने घासून लख्ख राखाडी करायचं. दुसऱ्या दिवशी जेवण झालं की पुन्हा पहिल्यापासून.

दुकानात हजारभर छटा असलेला माणूस तीनच रंग का घेतो, हे मी त्यांना विचारलं होतं. "तीन कमी हायेत काय?" म्हणाले, आणि माझ्यासमोर काळ्यात पिवळा मिसळून शेवाळासारखा हिरवा करून दाखवला. मला गंमत वाटली, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर काही ते नव्हतं. दिवसाचा हट्ट कशासाठी, दिवा का नाही, असं विचारलं तेव्हा ते आकाशाकडे बघून म्हणाले, "तुमी बोलाले लागल्या न तथी सूर्य खाली सरकून राह्यला."

त्यांना मदत करायचा एक प्रयत्न मी केला होता. बुटक्याचे डोळे मोहरीच्या निम्म्याएवढेही नव्हते, म्हणून प्रयोगशाळेतलं स्टँडवर बसवलेलं भिंग मी त्यांना आणून दिलं. त्यांनी त्यातून मगऱ्याला उलटसुलट पाहिलं, अगदी खूश झाले, आणि भिंग मला परत दिलं. म्हणाले, "याच्यातून मोठं दिसते मॅडम. होत नाई ना मोठं."

आणखी एकदा मी खरोखर उपयोगी पडले. ब्रश नायलॉनचा आहे असं सांगून कुणीतरी त्यांना विकला होता आणि त्यांना शंका येत होती. जनावराच्या केसांचा ब्रश त्यांना चालणार नव्हता. त्यांनी त्यातला एक केस कागदाच्या पुडीत घालून माझ्याकडे दिला. मी तो कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर खवले होते. जनावराचाच केस. मी घरी येऊन तसं सांगितलं. काकांनी तो ब्रश एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळला आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरला. वर थोडं पाणीही घातलं. मी बाजूला उभी होते. हात जोडायचे की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

काकूंना मात्र यातल्या कशाचीच गंमत वाटत नव्हती. काकू उंच, चटपटीत, आणि मोजकं बोलणाऱ्या. एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांच्या वहिनीच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. ते एकच सदरा दिवसातून कितीदा तरी धुवायचे. मग नावं विसरू लागले, मग घर विसरू लागले. "तुमी शिकलेल्या आहात," काकू म्हणाल्या. "सांगा मले. मानूस रोज एकच मगर रंगवते न रोज धुते. हे बरं हाय का?"

मी म्हणाले, छंद असतो एखाद्याला. पण माझ्या आवाजात जोर नव्हता, आणि तो नाही हे काकूंनाही कळलं.

त्यानंतर आसेगावच्या शाळेचा घोळ झाला. शाळेच्या भिंतींसाठी म्हणून काकांनी स्वतः रंग तयार करून दिला, आणि अर्धी शाळा रंगवून झाल्यावर लक्षात आलं की ठरलेला बदामी नाही, फिकट गुलाबी लागलाय. मुख्याध्यापक दुकानात आले. काका ठामपणे म्हणाले, तुम्ही गुलाबीच सांगितला होता. ते म्हणाले, बदामी. डब्यावरची चिठ्ठी पाहावी तर तिच्यावरच रंग सांडलेला. कोण चुकलं ते कधीच उलगडलं नाही. नवल असं की त्याच आठवड्यात कोणीतरी जुन्या घराची एक भिंत नव्याने रंगवायला रंग मागायला आला, तेव्हा त्या घराच्या बैठकीला किती वर्षांपूर्वी कोणता रंग दिला होता आणि त्यात किती काळा टाकला होता, ते काकांनी बसल्या जागी सांगितलं. मी ऐकत होते. विसरणारा माणूस असा असतो का? आणि न विसरणारा माणूस रोज तेच तेच करतो का?

काकूंनी शेवटी मुलाला फोन केला.

मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. बायको, लहान मुलगी, स्वतःचं घर. शांत, विचारी माणूस. दिवाळीच्या आधी तो एकटाच सुट्टी काढून आला. आल्या दिवशी दुपारी त्याने मला जिन्यात गाठलं. त्याच्या मनात सगळं ठरलेलं दिसत होतं. दुकान विकायचं, दोघांना पुण्याला न्यायचं, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. मात्र हे करायची गरज आहे की नाही एवढंच त्याला ठरवता येत नव्हतं. आई घाबरलेली आहे, नातेवाईक काहीबाही सांगतात, तुम्ही बाहेरच्या आहात आणि रोज पाहता, असं म्हणून त्याने मला विचारलं, "बाबा ठीक आहेत का?"

एका माणसाचं दुकान, घर, गाव, सगळं माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि माझ्याकडे तो शब्द नव्हता. मी म्हणाले, संध्याकाळी गच्चीवर या आणि स्वतःच पाहा.

त्या संध्याकाळी आम्ही सगळेच वर गेलो. काकूही आल्या, काही निवडायचं घेऊन. काका नेहमीसारखे स्टुलाजवळ बसले. मुलगा कठड्याला टेकून पाहत होता. त्याची नजर मगऱ्यावर गेली आणि तो हसला. म्हणाला, हे तर माझं आहे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते जनावर मुलाच्या लहानपणचं. कुण्या नातेवाइकाने परदेशातून त्याला अशा बाहुल्यांचं एक खोकं आणलं होतं, त्यातलं.

काकांनी मगऱ्याचं पोट पिवळं केलं. पंखांना काळा दिला. मग मुलाने हलक्या आवाजात, सहज विचारल्यासारखं विचारलं की बाबा, हे तुम्ही रोज कशासाठी करता.

मी हा प्रश्न कितीदा तरी विचारला होता. मला कधी उत्तर मिळालं नव्हतं. त्याला लगेच मिळालं.

"तू सातवीत होता," काका म्हणाले. त्यांचा हात थांबला नव्हता. "परीक्षा होती. तू दिवसभर हेच घेऊन बसे. मंग मी खोकं माळ्यावर ठेवलं न तुले हे एकच देल्लं. म्हनलं, दुकानातले तीन रंग भेटतीन. जेवल्यावर दिवस बुडेपर्यंत बसाचं. त्यात झालं त झालं. तू म्हने, येवढ्यात होत नाई. मी म्हनलो, होते. तू लय रडला. मंग तू याले कधी हातच नाई लावला."

काकूंचा निवडणारा हात थांबला होता.

"मी म्हनलं होतं ना, होते म्हनून," काका म्हणाले. "थे होते का नाई, पाहून राह्यलो."

एवढ्या दिवसांचं कोडं सुटलं असं मला वाटलं, आणि ते वाटतंय तोवर मुलगा म्हणाला की त्याला यातलं काही आठवत नाही. त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केल्यासारखं कपाळ आवळलं होतं. म्हणाला, मी कंटाळून सोडलं असेल बाबा. तेव्हा आम्ही क्रिकेट खेळायला जायला लागलो होतो. रडल्याचं तर मुळीच आठवत नाही.

"रडला होता तू," काका म्हणाले.

मग काकू बोलल्या. त्यांनी सांगितलं की खोकं माळ्यावर काकांनी ठेवलंच नव्हतं. "मी ठेवलं होतं थे. तुमी त तवा दुकानात होते." आणि रडला तो हा नाही, सुट्टीत आलेला त्याचा मावसभाऊ रडला होता, असंही त्या म्हणाल्या. काका आणि काकू एकमेकांकडे पाहत राहिले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला, जणू मी तिथे होते आणि मी काय ते सांगू शकेन. मी मगऱ्याकडे पाहिलं. बुटक्याची ढाल अजून कोरीच होती. या सगळ्यात सूर्य बुडाला आणि काकांनी ब्रश खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे काकांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, वार विचारले, उलटे आकडे म्हणायला लावले. काकांनी सगळं केलं. घड्याळ काढून झाल्यावर डॉक्टरांना विचारलं म्हणे, की हे घड्याळ ज्या भिंतीवर टांगायचं तिचा रंग कोणता. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने चांगलं आहे, पण लक्ष ठेवा. म्हणजे ना हो, ना नाही. मुलाने दुकान विकायचं लांबणीवर टाकलं. पुण्याला परत जाताना त्याने माझा नंबर घेतला आणि अधूनमधून फोन करीन म्हणाला. जायच्या आधी गच्चीत जाऊन त्याने तो मगऱ्या हातात घेऊन पाहिला होता, एवढं मला आठवतं. बराच वेळ पाहत होता. मग परत स्टुलावर ठेवून गेला.

काकांचं रंगवणं चालूच राहिलं. मला वाटलं होतं, मुलाला आठवतच नाही म्हटल्यावर ते सोडून देतील. त्यांनी सोडलं नाही. मी एकदा धीर करून म्हणालेही, की काका, तो तर म्हणतो असं काही घडलंच नाही. त्यांनी मला विचारलं, "मंग मी काय करू?" आणि ते इतक्या सरळपणे विचारलं की ते मला सल्ला मागताहेत की मला गप्प करताहेत, ते समजेना.

उन्हाळा लागला. दिवस लांबले. एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले तर काका स्टुलासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. सूर्य अजून कठड्याच्या वर चांगला हातभर होता. मी वाकून पाहिलं. मगऱ्या पूर्ण झाला होता. पोट पिवळं, पाठ शेवाळी, पंखांच्या शिरा करड्या, ढालीवर पांढरी चांदणी. बुटक्याला डोळे होते, आणि त्या डोळ्यांत सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता. त्यामुळे तो खरोखर कुठेतरी बघत होता. तीन रंगांत एवढं होतं, हे मला डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना.

मी म्हणाले, काका, झालं.

"हाव," ते म्हणाले. "झालं."

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. दुःखही म्हणता येणार नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक दोन रंगांत अडकतं, तसा काहीसा चेहरा होता. मी म्हणाले, थांबा, फोटो काढते, लगेच पुण्याला पाठवू. मी फोन आणायला खोलीत गेले. परत आले तेव्हा मगऱ्या साबणाच्या पाण्यात होता आणि काका जुन्या ब्रशने त्याचे पंख घासत होते. पाणी शेवाळी झालं होतं.

सूर्य अजून होता. शेवटी मी एवढंच विचारलं, की का.

"थो म्हने, होत नाई," काका म्हणाले. "राहू द्या त्याचं खरं."

त्यांनी मगऱ्याला फडक्याने पुसलं, कठड्यावर वाळत ठेवलं आणि दुकानात एक चक्कर मारून येतो म्हणून खाली गेले. ही गोष्ट मी काकूंना सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी त्याच दिवशी पुण्याला फोन लावला असता, आणि मला त्यांना चूक म्हणता आलं नसतं.

त्यानंतरच्या रविवारी मुलाचाच फोन आला. आईची तब्येत, वाशिमचं ऊन, दुकान, असं बोलणं झालं. मग तो सहज विचारल्यासारखं म्हणाला की बाबांचं ते चालू आहे का, आणि आता तरी पूर्ण होतं का. खरं सांगावं तर काकांनी धुऊन टाकलेलं मीच पुन्हा बाहेर काढल्यासारखं झालं असतं. खोटं सांगावं तर हा माणूस माझ्या शब्दावर भरवसा ठेवून विचारत होता. मी म्हणाले, नाही, अजून नाही होत.

तो हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी एरवी तो जपून, पुण्याच्या मराठीत बोलायचा.

"मी तवाच म्हनलं होतं त्याईले," तो म्हणाला. "येवढ्यात होत नाई."

म्हणजे तुम्हाला आठवतं तर, असं मी म्हणणार तोच त्याने घाईघाईने कॉलेजच्या परीक्षा कधी आहेत ते विचारलं, आणि मी त्याला परीक्षांचं सांगू लागले.